अरबी मिस्सेत ऐकलेला 'अल्लाह' : ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच देवाची प्रार्थना करतात का?

पापडीची लेक

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. प्रश्न जुनाच आहे, पण गेल्या आठवड्यात तो माझ्या घरात शिरला आणि झोप उडाली, म्हणून इथे मांडते.

मी वसईची, कॅथलिक. बारा वर्षं दुबईत आहे. गेल्या रविवारी शिफ्ट लांबली, चर्चमधली इंग्रजी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चुकली, म्हणून पहिल्यांदाच अरबी मिस्सेला जाऊन बसले. पुढच्या बाकावर एक लेबनीज कुटुंब होतं. आजीच्या डोक्यावर काळ्या लेसचा रुमाल, हातात जपमाळ. पहिलं वाचन संपलं आणि सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, 'अश्शुक्रु लिल्लाह'. आपण 'देवाला धन्यवाद' म्हणतो, तेच. त्याआधी गौरवगीतातही 'लिल्लाह' आलं होतं. बारा वर्षं हा शब्द बाहेर मशिदीच्या भोंग्यावर ऐकला, आणि आता तोच वेदीसमोर, क्रूसाखाली.

आणखी एक गोष्ट कानात राहिली. क्रूसाची खूण करताना आपण 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' म्हणतो आणि लगेच 'आमेन'. अरबी ख्रिस्ती लोक आमेनच्या आधी आणखी दोन शब्द म्हणतात : 'अल-इलाह अल-वाहिद'. म्हणजे एकच देव. शेकडो वर्षं शेजाऱ्यांकडून 'तुमचे देव तीन' असं ऐकत आलेल्या लोकांनी आपलं उत्तर प्रार्थनेतच ठेवून दिलंय, असं मला वाटलं.

आता माझी अडचण. माझी रूममेट रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान. आम्ही दोघी मराठीतच बोलतो, भांडतो, बांगड्याचं तिखलं करतो. तिच्या अम्मीची बायपास ठरलीय. परवा रात्री ती म्हणाली, "तू पण दुआ कर ना. मनात नको, मोठ्यानं कर, मी शेजारी बसते." मी हो म्हटलं. मग घरच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर अम्मींसाठी विनंती टाकली, तेव्हा माझ्या मावसभावानं लिहिलं : अम्मींसाठी आम्ही सगळे प्रार्थना करू, पण तू तिच्यासोबत बसून करू नकोस. त्यांचा देव वेगळा, 'माझ्याशिवाय दुसरा देव नको' ही पहिली आज्ञा मोडशील.

तो वाईट माणूस नाही. मनापासून काळजीनं लिहिलंय त्यानं. म्हणूनच विचारते : देव खरंच वेगळा आहे का?

मुळाकाठी

ताई, अम्मींना आराम पडो. पण यात प्रश्न काय आहे तेच मला कळलं नाही. देव एकच, नावं वेगळी. आमच्या आजीनं हेच शिकवलं. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदबाबांबद्दल आपल्याकडे म्हणतातच की, 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद'.

दाभोळखाडी

मुळाकाठी, तुमच्या आजींबद्दल आदर आहे, श्रीगोंद्याच्या बाबांबद्दल तर आहेच. पण ताईंच्या प्रश्नाला हे उत्तर पुरत नाही. 'सगळीच नावं त्याची' हे तुमच्या परंपरेचं म्हणणं झालं. आम्ही मुसलमान आणि ख्रिस्ती, दोघंही असं म्हणत नाही. आमच्याकडे देवाबद्दल खरं बोलणं आणि खोटं बोलणं यात मोठा फरक मानतात, म्हणून तर प्रश्न इतका टोचतो.

ताई, आमच्या बाजूचं सांगतो. कुराणात 29 व्या सूरेत (अध्यायात), 46 व्या आयतीत किताबवाल्यांशी, म्हणजे यहुदी-ख्रिस्ती लोकांशी, कसं बोलावं ते सांगितलंय : चांगल्या रीतीनं बोला आणि म्हणा, आमचा इलाह आणि तुमचा इलाह एकच आहे. तेव्हा तुमचा देव कुणी दुसराच, असं मला म्हणताच येत नाही. पण तितक्याच स्पष्टपणे 112 वी सूरा आहे, आमची लहान मुलंसुद्धा पाठ म्हणतात ती : त्यानं कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही. चौथ्या सूरेत 'तीन म्हणू नका' असं आहे. म्हणजे आमच्या मते तुम्ही त्यालाच हाक मारता, पण त्याच्याबद्दल जे म्हणता ते चूक. हे मी गोड करून सांगणार नाही, कारण तुम्ही प्रश्न मनापासून विचारलाय.

क्लांगकाठचा

क्वालालंपूरहून. इथे हाच प्रश्न थेट कोर्टात गेला होता, म्हणून थोडं लिहितो.

मलेशियात मलय बोलणारे ख्रिस्ती बरेच आहेत, मुख्यतः बोर्निओतल्या साबा आणि सारावाकमध्ये. देवाला त्यांचा शब्द 'अल्लाह'च. हा काही नवा शौक नाही. डच व्यापारी रुइल यानं केलेलं मत्तयच्या शुभवर्तमानाचं मलय भाषांतर 1629 साली छापलं गेलं, त्यातही 'अल्लाह' आहे. 1986 मध्ये गृह मंत्रालयानं चार शब्द मुसलमानेतर प्रकाशनांना बंद केले : अल्लाह, काबा, बैतुल्ला (अल्लाहचं घर), सोलात (नमाज). मग 'हेराल्ड' या कॅथलिक साप्ताहिकाचा खटला उभा राहिला. 31 डिसेंबर 2009 ला हायकोर्टानं साप्ताहिकाच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढच्याच आठवड्यात चर्चवर हल्ले सुरू झाले, एक तर जाळलंच. 2013 मध्ये अपील कोर्टानं निकाल फिरवला आणि 2014 मध्ये सर्वोच्च पातळीवर पुढच्या अपिलाची परवानगीच नाकारली गेली.

दुसरी केस जिल आयर्लंड या सारावाकच्या मेलानाउ बाईंची. 2008 मध्ये विमानतळावर त्यांच्या आठ सीडी जप्त झाल्या, नावात 'अल्लाह' होतं म्हणून. त्या तेरा वर्षं लढल्या. 10 मार्च 2021 ला हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि 2023 मध्ये सरकारनं आपलं अपील मागे घेतलं.

मला यातली एक गोष्ट चटका लावते. 'तुमचा देव वेगळा, आमचा शब्द वापरू नका' हे इथे मुसलमान बाजूनं म्हटलं गेलं. तुमच्या घरी ख्रिस्ती भावानं तेच म्हटलं. कैरोत किंवा दमास्कसमध्ये हा वाद उभाच राहणार नाही, तिथे दोघांनाही दुसरा शब्दच नाही. युरोपात माल्टाचे कॅथलिकसुद्धा देवाला 'अल्ला'च म्हणतात.

पापडीची लेक

माल्टाचं माहीतच नव्हतं! दाभोळखाडी, स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं.

यावरून आपल्या मराठीचं लक्षात आलं. आमच्या बायबलात पहिलंच वाक्य 'प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली'. अरबी बायबलात त्याच वाक्यात 'अल्लाह' आहे, उर्दू बायबलात 'खुदा'. मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी 'देव' आणि 'परमेश्वर' घेतले आणि कोकणातल्या मुसलमानांच्या तोंडी 'अल्ला'च राहिला. म्हणून माझ्या मावसभावाला ऐकतानाच दोन देव ऐकू येतात. त्या लेबनीज आजीला तसे ऐकू येणार नाहीत.

नगरी

मी ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती. धाग्याचा सूर एका बाजूला झुकतोय, म्हणून दुसरी बाजू लिहितो. ताई, तुमच्या भावाचं म्हणणं मला समजतं.

शब्दावर माझा आक्षेप नाही. अरब ख्रिस्ती महंमद पैगंबरांच्या आधीपासून अरबी बोलत होते, तो शब्द त्यांचाही आहे. माझा मुद्दा शब्दामागे कोण आहे, हा. ख्रिस्ती माणूस आधी 'देव' ठरवून मग त्याला येशू जोडत नाही. येशू म्हणतो, ज्यानं मला पाहिलं त्यानं पित्याला पाहिलं. योहानाच्या पहिल्या पत्रात तर सरळ आहे : जो पुत्राला नाकारतो त्याला पिताही नाही. आणि कुराणाच्या चौथ्या सूरेत येशूला क्रूसावर मारलंच नाही असं आहे. मी ज्या देवाला हाक मारतो तो क्रूसावर ओळखू आला. तिथूनच तो काढून टाकला, तर उरतो तो कोण?

अमेरिकेत 2015 च्या डिसेंबरात व्हीटन या ख्रिस्ती कॉलेजमध्ये हेच झालं. लॅरिशिया हॉकिन्स या प्राध्यापिकेनं मुसलमानांना आधार म्हणून हिजाब घातला आणि आपण एकाच देवाची उपासना करतो असं फेसबुकवर लिहिलं. कॉलेजनं त्यांना रजेवर पाठवलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये त्या तिथून बाहेर पडल्या. त्यांना ज्या पद्धतीनं वागवलं ते मला पटलं नाही. पण प्रश्न फालतू होता असं कुणी म्हणू नये.

जुनी पोथी

नगरी, नेमका मुद्दा मांडलात. त्यावर एक विचारतो. अब्राहाम, मोशे, दावीद यांना त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे माहीत नव्हतं. तरी त्यांचा देव तो तुमचाच देव, असं तुम्ही मानता. आजचा यहुदी माणूस त्रैक्य स्पष्टपणे नाकारतो, येशूला पुत्र मानत नाही. त्याचा देव वेगळा, असं चर्च म्हणतं का?

नगरी

नाही म्हणत. अब्राहामानं पुत्राला नाकारलं नव्हतं, त्याला अजून दाखवला गेला नव्हता, हा फरक आहे. आजच्या यहुद्यांबद्दल मात्र तुमचा प्रश्न मला अडवतो, कबूल करतो. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना यहुद्यांबद्दल म्हणतो की त्यांना देवाविषयी आस्था आहे, पण ती यथार्थ ज्ञानाला धरून नाही. म्हणजे देव तोच, ज्ञान अपुरं.

दाभोळखाडी

नगरीदादा, मग आमच्याबद्दल तेवढंच म्हणा की! आम्ही तुमच्याबद्दल तेच म्हणतो.

पोस्टाची पेटी

मी पोस्टात 31 वर्षं काढली, धर्मातलं फारसं कळत नाही. पण वाचताना रोजचं काम आठवलं. पाकिटावर नाव चुकीचं, आडनाव भलतंच, पण पत्ता बरोबर असला तर आमचा पोस्टमन पत्र पोचवायचा. दोन घरं विचारायचा, पण पोचवायचा. नाव अगदी सुवाच्य आणि पत्ता चूक, ते पत्र परत यायचं. तुम्ही सगळे नावाबद्दल आणि माणसाच्या स्वभावाबद्दल वाद घालताय. पत्ता काय लिहिलाय ते बघा. आकाश-पृथ्वी निर्माण करणारा, अब्राहामाशी बोललेला, शेवटी न्याय करणारा, दयाळू. दोन्ही पाकिटांवर एवढं तरी सारखंच दिसतंय मला.

नगरी

काका, दृष्टांत मनात राहील. पण माझं उत्तर असं की आमच्यासाठी येशूच पत्ता आहे. 'माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही' असं तो म्हणाला. ते पाकिटावरचं नाव नाही.

अर्थात पाकीट उघडून वाचणं देवाच्या हातात आहे, माझ्या नाही. पौलानं अथेन्समध्ये 'अज्ञात देवाला' असं कोरलेली वेदी पाहिली आणि लोकांना म्हणाला, तुम्ही न जाणता ज्याला भजता तोच मी तुम्हाला जाहीर करतो. 'तुमचा देव वेगळा' असं तो म्हणाला नाही. फक्त तो तिथे थांबलाही नाही, पुढे पुनरुत्थान सांगितलं. मलाही तिथे थांबता येत नाही.

मांडवीपार

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडचा इतिहास कुणी काढला नाही म्हणून.

अकबरानं इबादतखान्यातल्या, म्हणजे त्याच्या धर्मचर्चेच्या दालनातल्या, चर्चेसाठी गोव्याहून पाद्री बोलावले. रुदोल्फ आक्वाव्हिवा, मोन्सेराते आणि फारसी जाणणारे एन्रिकेस हे जेजुइट 1579 च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले आणि 1580 च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी दिलेल्या बायबलच्या खंडांचं अकबरानं चुंबन घेतलं आणि ते डोक्यावर ठेवले. मुल्ला आणि पाद्री यांच्यात रात्र-रात्र वाद झाला. आणि अडलं कुठे? या धाग्यात अडलंय तिथेच. एकच देव यावर दोघांचं भांडण नव्हतं. देवाला पुत्र कसा आणि देव माणूस कसा होईल, हे अकबराला शेवटपर्यंत पटलं नाही.

आक्वाव्हिवा गोव्याला परतले आणि 1583 मध्ये कुंकळ्ळीत मारले गेले. देवळं मोडली गेल्यानं तिथल्या गावकऱ्यांचा राग धुमसत होता. बादशहापुढे बरोबरीनं बसून बोलणारे आणि इथे सत्तेच्या छायेत आलेले, पाद्री तेच. देव एक की दोन हा वाद कुठल्या जागी उभं राहून घालतो, त्यानं फार फरक पडतो, असं मला कुंकळ्ळीवरून जाताना दर वेळी वाटतं.

जुनी पोथी

मांडवीपार, शेवटचं वाक्य पटलं. त्याच धाग्यानं आणखी मागे जातो.

बगदाद, 781 च्या सुमारास. पूर्वेकडच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू पहिले तिमोथी आणि खलिफा अल-महदी, हारून अल-रशीदचे वडील. दोन दिवस समोरासमोर बसून बोलले. तिमोथींनी नंतर पत्रात सगळं लिहून ठेवलं. खलिफानं पहिल्यांदा विचारलं ते हेच : तुमच्यासारखा शहाणा माणूस देवाला बायको होती आणि मुलगा झाला असं कसं म्हणतो? तिमोथी म्हणाले, असं कोण म्हणेल? हा देवाचा अपमान आहे. शब्द जसा मनातून येतो, प्रकाश जसा सूर्यातून येतो, तसा पुत्र पित्यापासून.

इथे थोडं थांबतो, कारण वादाचा निम्मा गुंता याच जागी आहे. 112 वी सूरा ज्या जन्माला 'नाही' म्हणते, तो शरीराचा जन्म चर्चही मानत नाही. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं तर लिहून ठेवलंय की देवाचं जे एकच सत्त्व आहे ते जन्म देत नाही आणि जन्माला येतही नाही. वाक्य सूरेच्या इतकं जवळ जातं की दचकायला होतं. पाचव्या सूरेत देव ईसांना, म्हणजे येशूला, विचारतो, 'मला आणि माझ्या आईला देव माना' असं तू लोकांना सांगितलंस का? मरियेला त्रैक्यात धरणारं चर्च मला तरी माहीत नाही. इस्लाम जे नाकारतो त्यातलं बरंच ख्रिस्तीही नाकारतात. सगळं मात्र नाही. नगरी म्हणतात तो क्रूस आणि तो पुत्र उरतोच.

दुसऱ्या दिवशी बोलणं संपताना तिमोथी म्हणाले : महाराज, आपण सगळे या जगात मध्यरात्री अंधाऱ्या घरात असल्यासारखे आहोत. घरात एक मोती पडलाय. सगळे चाचपडतात. एकाच्या हाती मोती लागतो, कुणाच्या काच, कुणाच्या खडा, कुणाच्या मातीचं ढेकूळ. प्रत्येकाला वाटतं मोती आपल्याच मुठीत. उजाडल्यावर कळेल. खलिफा म्हणाला, मोती आमच्याकडे आहे अशी आम्हाला आशा आहे. तिमोथी म्हणाले, आमेन, महाराज, पण देव करो आणि त्यात आम्हालाही वाटा मिळो.

ज्याच्या राज्यात राहायचं त्याच्यासमोर, स्वतःचं काहीही न सोडता, असं बोलता येतं.

दाभोळखाडी

पोथीदादा, हे मी पहिल्यांदा वाचलं. दोनदा वाचलं. आमच्याकडेही कुराणात ईसांना 'त्याचा शब्द' आणि 'त्याच्याकडचा रूह' (आत्मा) म्हटलंय. देवाचा शब्द अनादी की निर्माण केलेला, यावरून आमच्यातच बगदादमध्ये केवढा छळ झाला, इमाम अहमद इब्न हंबल तुरुंगात गेले. अनादी म्हणणाऱ्यांना कुणी दोन देव मानणारे म्हटलं असतं, तर त्यांना ते सहन झालं नसतं. तुमचं पटलं असं म्हणत नाही. पण 'तीन देव मानतात' हे वाक्य मी पूर्वी जितक्या सहज बोलायचो तितक्या सहज आता बोलणार नाही.

उत्तनची हवा

पापडीच्या ताईंना एक सांगायचंय, भावाला दाखवता येईल. आपल्या कॅथलिक चर्चनं यावर स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या दस्तऐवजात मुसलमान आपल्यासोबत त्या एकाच, दयाळू देवाची आराधना करतात असं आहे. 28 ऑक्टोबर 1965 च्या 'नोस्त्रा एताते' या त्याच परिषदेच्या जाहीरनाम्यात पुन्हा तेच आलंय. त्याच्या तळटीपेत पोप सातवे ग्रेगरी यांनी 1076 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान राजाला लिहिलेल्या पत्राचा हवाला आहे, म्हणजे हे काही आधुनिक फॅड नाही. पोप दुसरे जॉन पॉल 1985 मध्ये कासाब्लांकात मुसलमान तरुणांसमोर म्हणाले होते की आपण एकाच देवावर विश्वास ठेवतो. त्याच भाषणात येशूबद्दलचा फरकही त्यांनी लपवला नव्हता.

आणि अबू धाबी तुमच्यापासून दोन तासांच्या आत. तिथे 2023 पासून मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात उभे आहेत. तिन्ही वास्तू एकाच उंचीच्या, पण वेगवेगळ्या. जाऊन या दोघी.

नगरी

तिन्ही वेगवेगळ्या आहेत, हे मला आवडलं. एकच मोठा हॉल बांधून तिघांना आत घातलं असतं, तर तिघांनाही परकं वाटलं असतं.

ताई, माझं मत बदललेलं नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण इतके दिवस मी माझ्याच प्रश्नाचं देत होतो. तिच्याशेजारी बसा. तुमची प्रार्थना तुमच्या शब्दांत करा, येशूचं नाव गाळू नका. तिला त्रास होईल म्हणून गाळलंत, तर तिनं जी मागितली ती तुमची प्रार्थना राहणार नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना पहिली आज्ञा मोडली जात नाही. आज रात्री आमच्या घरीही अम्मींचं नाव घेतलं जाईल.

मुळाकाठी

मी पहिल्या प्रतिसादात 'प्रश्नच काय' म्हणालो होतो, ते मागे घेतो. नीट ऐकलं नव्हतं.

पापडीची लेक

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो. लिहू की नको करत होते, पण तुम्ही एवढं लिहिलंत तर सांगायला हवं.

रात्री ती इशाची नमाज पढून उठली, मी जपमाळ घेतली. जमिनीवरच बसलो, पाठी पलंगाला टेकून. मी क्रूसाची खूण केली, पूर्ण म्हटली, 'पित्याच्या, पुत्राच्या'सकट. ती गप्प बसली, मान खाली. मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं. 'आमची रोजची भाकर' आलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. 'आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर' म्हणताना माझाच आवाज फुटला, कारण गेल्या महिन्यात भाड्यावरून मी तिला फार वाईट बोलले होते. शेवटी मी आमेन म्हटलं, ती आमीन म्हणाली. क्रूसाच्या खुणेनंतर म्हणाली नव्हती, ते मला जाणवलं आणि बरोबरही वाटलं.

मग तिनं फातिहा, म्हणजे कुराणाची पहिली सूरा, म्हटली. ओळ-ओळ थांबून मला मराठीत अर्थ सांगत गेली. 'आम्ही तुलाच भजतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो' इथे मी मनात तिच्यासोबत होते. ती संपल्यावर मी आमेन म्हटलं.

मावसभावाला आज फोन केला. तो म्हणाला, मला अजून पटत नाही, पण ऑपरेशन किती वाजता ते सांग, आम्ही उठून बसू.

सकाळी आठ वाजता नेणार आहेत. इथले साडेसहा.

दाभोळखाडी

फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर आम्ही घरचे सगळे बसतोय. ताई, खबर आली की इथेच लिहा.